दोष एकट्या पॅटन यांचा नाही

काही जण म्हणतात की हाँगकाँगच्या निवडणुकांबद्दलची ब्रिटन-चीन बोलणी तिथले शेवटचे ब्रिटिश गव्हर्नर ख्रिस पॅटन यांच्या हट्टापायी फिसकटली. मला हे मुळीच पटत नाही. एप्रिल ते नोव्हेंबर १९९३ मध्ये तब्बल १७ फेऱ्या झाल्या, त्या काय हट्टी माणूस करतो? खरं दुखणं नऊ नव्या व्यवसायनिहाय मतदारसंघांचं होतं. त्यांमुळे दुकानातल्या साध्या कारकुनालाही राहत्या भागातल्या मताखेरीज आपल्या कामाच्या क्षेत्रातलं दुसरं मत मिळणार होतं, आणि चीनला नेमकं तेच नको होतं. (ब्रिटननेही दीडशे वर्षं लोकशाही दिली नव्हती, हेही खरंच.) १९९५ ला निवडून आलेलं विधिमंडळ १ जुलै १९९७ ला, हाँगकाँग चीनकडे गेलं तेव्हा, बरखास्त झालं. त्याच्या जागी आलेल्या, चीनने उभ्या केलेल्या हंगामी मंडळाच्या बैठका तोवर सीमेपलीकडे, चीनमधल्या शेनझेनमध्ये भरत होत्या. मतदारांचा यात काय गुन्हा होता?