नव्या किट-विमानाला पाच तासांची चाचणी पुरे?

रिव्हेटवाला

अमेरिकेत किटमधून, म्हणजे तयार सुटे भाग आणून, स्वतः बांधलेलं विमान उडवायचं तर एफएए (तिथली विमान-नियामक संस्था) आधी ‘फेज वन’, म्हणजे चाचणी-उड्डाणांचा टप्पा, करायला लावते. ठरवून दिलेल्या भागातच उडायचं, खाली विरळ वस्ती किंवा मोकळं पाणी हवं आणि सोबत प्रवासी नाही. अमॅच्युअर-बिल्ट, म्हणजे हौशीने बांधलेलं म्हणून नोंदवलेल्या विमानाला याचे साधारण ४० तास. इंजिन-प्रोपेलरची जोडी प्रमाणित असेल तर २५. तेच विमान एक्स्पेरिमेंटल लाइट स्पोर्ट, म्हणजे ई-एलएसए म्हणून नोंदवलं तर फक्त ५!

आता आरव्ही-१२ हे दोन आसनी किट-विमान घ्या. ई-एलएसएचे कागद केले की एका शनिवार-रविवारी चाचणी उरकते. शेजारच्या हँगरमधल्याने तेच किट घेऊन पॅनेल आपल्या मनासारखं केलं आणि अमॅच्युअर-बिल्ट म्हणून नोंदवलं, तर त्याच्या नशिबी ४०, कारण त्यातल्या रोटॅक्स ९१२ यूएलएस इंजिनाला टाइप सर्टिफिकेट (प्रमाणित असल्याचा दाखला) नाही. पंख तेच, टाकी तीच, बांधणारा दोन्हीकडे हौशीच.

माझ्या मते ५ तास फार कमी आहेत. रोटॅक्स कंपनी स्वतः नव्या इंजिनाची पहिली तपासणी २५ तासांवर करायला सांगते. टाकीला लावलेल्या सीलंटचे कण, होज कापताना आत राहिलेले रबराचे तुकडे, हे सगळं पहिल्या उड्डाणातच फिल्टरमध्ये येऊन बसेल असं थोडंच आहे? विमान कलंडतं, हलतं, टाकी भरते-रिकामी होते, तसं ते हळूहळू सुटत जातं. कार्ब्युरेटरची वाटी उघडून बघितल्याशिवाय कळतही नाही. आणि सहाव्या तासाला शेजारच्या सीटवर बायको किंवा मुलगा.

शेपटीचं_चाक

साहेब, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच तागडीत घालताय. ई-एलएसए किट विकण्याआधी कंपनीला त्याच मॉडेलचं एक तरी तयार विमान प्रमाणित करून दाखवावं लागतं. किट बांधणाऱ्याने उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत एक बोल्टसुद्धा मनाने बदलायचा नाही. म्हणजे डिझाइन उडतं का, हा प्रश्न आधीच सुटलेला असतो. उरतात जोडणीतल्या चुका. केबल उलटी लागली, आयलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) उलटं हललं, इंधन नीट येत नाही, हे जमिनीवर नाहीतर पहिल्या तासाभरातच कळतं. आरव्ही-१२ सोबत तर कंपनी चाचणीची क्रमवार यादीच देते. शिवाय ५ हा किमान आकडा आहे. तुम्ही ५० तास एकटे फिरा, कोण अडवतंय?

ढगातला

दोघांचंही घड्याळावरच लक्ष. ४० तास काय होतं ते बघितलंय का कुणी? लोक एकाच तळ्यावर गोल गोल फिरतात, जेवायची वेळ झाली की उतरतात. लॉगबुकात तास चढतात, पण स्टॉलचा वेग (याहून हळू गेलं की पंख विमान तोलू शकत नाहीत) किटच्या पुस्तकातून उतरवलेला. नियमाची भाषा बघा. नेहमीच्या सगळ्या वेगांत आणि सगळ्या कसरतींत विमान ताब्यात राहतं हे दाखवा, असं मागितलंय. वजन मागे सरकवून, वाळूच्या पिशव्या बांधून एकदा तरी स्टॉल केलात का, ते सांगा. अमॅच्युअर-बिल्टला आता तास मोजण्याऐवजी कामांच्या यादीवर फेज वन पूर्ण करता येतो. ई-एलएसएलाही तीच यादी लावा. ती पाच तासांत झाली तर पाच, नाहीतर पंधरा.

रिव्हेटवाला

@शेपटीचं_चाक, ‘एक बोल्टसुद्धा नाही’ हे फक्त प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत. दुसऱ्या दिवसापासून मालक हवं ते बदलू शकतो. मोठा बदल केला तर पुन्हा फेज वन, आणि तोही बहुतेक वेळा ५ तासांचाच! मग डिझाइन आधीच सिद्ध झालंय, या म्हणण्याला काय अर्थ राहिला?

@ढगातला, यादी मान्य. पण रेंगाळणारे दोष यादीत सापडत नाहीत, ते तासांतच बाहेर येतात.

धुळेकर

वाचून हसू आलं. तुमच्याकडे ५ की ४० हा वाद. आपल्या कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत गच्चीवर विमान बांधलं, २०१६ ला मुंबईत बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) प्रदर्शनात मांडलं. नोंदणी २०१७, परवानगी २०१९ आणि धुळ्याच्या धावपट्टीवर उड्डाण २०२० मध्ये. इथे तास मोजायची वेळ येईपर्यंतच माणूस म्हातारा होतो.

शेपटीचं_चाक

@धुळेकर, ते डिझाइनच स्वतःचं होतं हो, तेही सहा आसनी. त्याला ४० काय, ४०० तास मागितले तरी मी गप्प बसेन. किटला तोच न्याय नको.

जुना_पायलट

एक मुद्दा सगळ्यांच्या नजरेतून सुटतोय. अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था) २०१२ मध्ये अमॅच्युअर-बिल्ट विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला. सर्वांत जास्त अपघात इंजिन बंद पडून किंवा हवेत ताबा सुटून झाले होते. आणि २०११ मधल्या अपघातग्रस्त विमानांपैकी निम्म्याहून जास्त सेकंडहँड घेतलेली होती. बांधणाऱ्याला आपल्या विमानाची खोड माहीत असते. विकत घेणाऱ्याच्या हाती काय पडतं? लॉगबुकात एक ओळ, तीन-चार वेग, वजन आणि सही. पाच तासांत केलेल्या नोंदींवर कुणी सेकंडहँड विमान घेईल का? मी तरी विक्रेत्याकडे आधी चाचणीच्या कार्डांची (कोणत्या उड्डाणात काय तपासलं त्या नोंदींची) फाइल मागेन.

ढगातला

+१. फाइल नसेल तर किंमत पाडा.

रिव्हेटवाला

जुना_पायलट, हे पटलं. माझं ठरलंय: २५ तासांची तपासणी, तेल-फिल्टर बदलून, फिल्टर कापून आत धातूचा चुरा आहे का ते बघायचं. तोवर उजवी सीट रिकामी.

शेपटीचं_चाक

उत्तम. पण ते तुमच्या विमानापुरतं ठेवा, एफएएला पत्र लिहू नका.