चौथीतला मुलगा येणारी गणितं पण चुकवतो, तपासायची सवय कशी लावायची?

सांगलीची_आई:
नमस्कार, आम्ही विश्रामबागला राहतो, मुलगा चौथीत आहे, मराठी माध्यम. तोंडी विचारलं की पटापट सांगतो पण वहीत आणि पेपरात काहीतरी चुकवतोच, कधी हातचा मिळवायचा राहतो, कधी अधिकचं चिन्ह असताना वजाबाकी करून ठेवतो, कधी अक्षरात सत्तावन्न दिलेलं असतं आणि हा ७५ लिहून येतो. परवा चाचणीचा पेपर घरी आला, त्यात निम्मे मार्क असल्याच चुकांत गेलेत. तपासलंस का विचारलं तर हो म्हणतो, आणि खोटं नाही बोलत, पानं उलटून बघितलेली असतात. पुढं स्कॉलरशिपला बसवायचाय. ओरडलं की गप्प बसतो आणि आता तर पेपर दप्तरात लपवायला लागलाय, त्याची मला मार्कांपेक्षा जास्त काळजी वाटतेय. तुम्ही घरी नक्की काय करून घेता?

कोरेगावचे_गुरुजी:
ताई, या वयाच्या पोरांना तपासणं म्हणजे लिहिलेलं परत वाचणं एवढंच वाटतं, आणि स्वतःचं लिहिलेलं वाचताना चूक दिसत नाही, मनात जे असतं तेच दिसतं. त्यामुळं परत वाच म्हणण्यापेक्षा उलटं करून बघायला सांगा. वजाबाकी केली की उत्तर खालच्या संख्येत मिळवायचं, वरची संख्या आली पाहिजे. भागाकारात भाजक गुणिले भागाकार, त्यात बाकी मिळवली की भाज्य. १३७ ला ५ नं भागलं, भागाकार २७ बाकी २ आली, तर २७ पंचे १३५ आणि २, झाले १३७. हे गणिताशेजारी पेन्सिलीनं करायला लावा, मनात केलं म्हणाला तर धरू नका.

सत्तावन्नचं मात्र वेगळं आहे, त्याला निष्काळजी म्हणू नका. आपण बोलताना एकक आधी बोलतो आणि लिहितो दशक आधी, त्यामुळं कानाला ऐकू येतं त्या क्रमानं हात चालतो. एकोणपन्नासचे ५९ होतात ते पण कानामुळंच, पन्नास ऐकलं की पोरगं ५ लिहून मोकळं होतं. लिहायच्या आधी "पन्नास आणि सात" असं दशक पहिलं धरून बोलायला लावा, काही दिवसांत हात बसतो.

मिरजेचा_बाबा:
गुरुजींचं पटलं. आमची लेक पाचवीत आहे, आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर तिच्याच चुका तिच्याच शब्दांत लिहायला लावल्या, हातचा विसरले, उत्तरापुढं एकक (सेमी, किलो असलं) लिहिलं नाही, प्रश्नातलं "नाही" वाचलं नाही असं. पेपर देताना फक्त तेवढंच शोधायचं, बाकी काही नाही. सगळं तपास म्हटलं की पोरं काहीच तपासत नाहीत. आणि मी चूक दाखवत नाही, या पानावर दोन आहेत एवढंच सांगतो, शोधते मग ती.

स्कॉलरशिपचं म्हणाल तर एका पेपरला ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं, शेवटी सगळं तपासायला वेळ उरतच नाही, म्हणून चूक होते तिथंच अडवावी लागते. "विसंगत", "गटात न बसणारे", "चुकीचा पर्याय" असले शब्द दिसले की खाली रेघ मारायची. उत्तरपत्रिकेत गोल रंगवताना एक ओळ सुटली तर पुढची सगळी उत्तरं सरकतात, म्हणून पान संपलं की प्रश्न क्रमांक जुळवायचा.

अजून एक, वेळेची गणितं. एस्टी साताऱ्याहून ९:४५ ला सुटली, पुण्यात १२:२० ला पोचली, किती वेळ लागला? पोरं १०० चा हातचा घेऊन २ तास ७५ मिनिटं लिहितात. अरे मिनिटं ५९ च्या वर गेली म्हणजे चुकलंच की, उत्तर २ तास ३५ मिनिटं. उत्तराकडं बघूनच हे कळायला पाहिजे, ते शिकवा.

वाईची_मावशी:
मराठीच्या पेपरचं कुणी बोललंच नाही. निबंध तपासताना शेवटच्या वाक्यापासून वर यायचं, म्हणजे गोष्टीत मन गुंतत नाही आणि शब्द दिसतो. एका फेरीत फक्त अनुस्वार, "मुलाना" "त्यानी" असलं लगेच सापडतं. दुसऱ्या फेरीत वेलांट्या उकार, दूध दीर्घ पण दुधात ऱ्हस्व, फूल पण फुलाला. लिहून झाल्या झाल्या तपासायला बसवू नका गं, थोडं खेळून येऊ दे.

पेपर लपवतोय त्याचं आधी बघ. तू मुद्दाम काही गणितं चुकीची सोडवून त्याला तपासायला दे, लाल पेन त्याच्या हातात. आमचा नातू किराणाच्या यादीची बेरीज असली तपासतो की दुकानदार पण थांबतो. आणि स्वतःची चूक शोधून दाखवली की त्या दिवशी मार्कांचा विषय काढायचा नाही.

सांगलीची_आई:
मावशी, लाल पेनचं आजच केलं, माझी चिन्हाची चूक त्यानं बरोब्बर धरली आणि मग आपणहून दप्तरातला पेपर काढून दिला. गुरुजी, हे रोज किती वेळ घ्यावं?

कोरेगावचे_गुरुजी:
दहा मिनिटं पुरे ताई, गणितं थोडीच द्या पण प्रत्येकाचा ताळा झालाच पाहिजे. रविवारी सुट्टी द्या त्याला.