किल्वा, गेदी, सोंगो म्नारा... कोण कोण जाऊन आलंय?

रानजाई
माहेरची मंडळी आली होती, त्यांना घेऊन जंजिऱ्याला गेलो. राजपुरीच्या धक्क्यावर शिडाच्या होडीत पाय टाकला, ओल्या दोरांचा वास आला आणि मला एकदम टांझानियातलं किल्वा आठवलं, जुन्या शहराच्या अवशेषांचं बेट. नवरा दार-ए-सलामला नोकरीला होता तेव्हाची गोष्ट. तिथून दक्षिणेला साधारण ३०० किमी, बसमध्ये हाडं खिळखिळी. किल्वा मसोको गावात परवाना काढायचा, वाटाड्या घ्यायचा, मग होडी.

बेटावर मी अडकले ती मोठ्या मशिदीत. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि घुमटांखाली गार. भिंतीला हात लावला तर दगड कुठला, पोवळं! जवळून बघितलं की बारीक चांदण्या दिसतात. चुनाही पोवळं जाळूनच केलेला.

पुढे कड्यावर हुसुनी कुब्वा, १४व्या शतकातला सुलतान अल-हसन इब्न सुलेमानचा राजवाडा. समुद्राकडे तोंड करून अष्टकोनी तलाव! १३३१ मध्ये मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता आला होता तो याच सुलतानाच्या वेळी. दक्षिणेकडच्या सोफाला बंदराचं सोनं इथून जायचं, आपल्याकडचं खंबायतचं कापड आणि मणी तिकडे उतरायचे. १५०५ मध्ये पोर्तुगीजांनी लुटलं. पण राजवाडा त्याच्या कितीतरी आधीच ओस पडलेला, पुरता बांधूनही झाला नव्हता म्हणतात.

तुमचेही अनुभव लिहा. पूर्व आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावरचं काहीही चालेल.

पोटोबा
गेदी! माकडं!! सासूबाईंच्या पर्समधली केळी चेन उघडून नेली हो. चेन उघडून! राजवाड्याचा एक फोटो नाही आमच्याकडे, सगळे माकडांचे.

रानजाई
😂 सासूबाई काय म्हणाल्या?

पोटोबा
"मारुतीराया आहे, असू दे."

नैरोबीकर_ताई
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. गेदी म्हणजे केनियात मालिंदी-वातामूच्या बाजूला, जंगलात बुडालेलं शहर. पाहुणे आले की आमची वारी ठरलेली. एका कबरीवर हिजरी ८०२ कोरलंय, म्हणजे १३९९. घरांना नावं तिथे सापडलेल्या वस्तूंवरून: कवड्यांचं घर, कात्रीचं घर, चिनी वाडग्याचं घर. मला ते फार आवडतं. राजेरजवाडे राहू देत बाजूला, कुणाची तरी कात्री हरवली होती ना!
आणि संडास बघा. खरंच बघा. धुण्याच्या पाण्याची वेगळी सोय घरातल्या घरात, पंधराव्या शतकात.
शहर ओस का पडलं याची कारणं दोन-तीन सांगतात. विहिरी आटल्या, उत्तरेकडून ओरोमो टोळ्यांचे हल्ले, पोर्तुगीजांमुळे बसलेला व्यापार. विहिरीत डोकावल्यावर मला तरी पहिलं पटतं. शिट्टी झाली, येते.

बाणावलीचो
आमचा गोव्याचा संबंध केनियातल्या मोंबासाच्या फोर्ट जीझसशी, पोर्तुगीजांचा किल्ला तो. १६९६ ला ओमानींनी वेढा घातला, जवळजवळ पावणेतीन वर्षं चालला. गोव्याहून मदतीची शेवटची जहाजं पोचली तेव्हा किल्ला पडून वरती दुसरा झेंडा. सुशेगाद म्हणतात ते उगाच नाही.

पोटोबा
@बाणावलीचो हे तुम्हीच बोललात म्हणून बरं 😄

खडेमीठ
सोंगो म्नारा कुणी केलंय का? किल्व्याच्या दक्षिणेचं बेट. ओहोटीला होडी लांबच थांबते, मग खारफुटीतून चिखल तुडवत जायचं. माझी एक चप्पल अजून तिथेच आहे, उत्खननात सापडेल कुणालातरी. पण तिथे घरंच्या घरं उभी आहेत, दाराच्या कमानी, दिव्यांचे कोनाडे. मशिदीपेक्षा मला घरांत जास्त वेळ लागला. ओटा कुठे, निजायची खोली कुठे हे कळतं.
पायाखाली खापऱ्या. निळी नक्षी असलेली एक दिसली, बोटाच्या पेराएवढी.

चौकस_काका
उचललीत का?

खडेमीठ
नाही हो. वाटाड्या पायांकडेच बघत होता. आणि नसता बघत तरी नाही. मिरजेला एकांकडे शोकेसमध्ये कुठल्या कुठल्या किल्ल्यांचे दगड मांडलेत, बघून डोकं फिरतं.

चौकस_काका
आमच्या सोसायटीतही एक आहेत असे. रायगडाची माती बाटलीत. लेबल लावून. पण ते जाऊ द्या, पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते ना? डिसेंबरला लेकीकडे नैरोबीला जायचंय.

नैरोबीकर_ताई
हो काका. केनियाहून परत येताना भारतात दाखला मागतात. लस घेतल्यावर १० दिवसांनी तो लागू होतो, तेव्हा आदल्या दिवशी घेऊन उपयोग नाही. पण एकदा घेतली की आयुष्यभर चालते. पिवळं पुस्तक पासपोर्टलाच अडकवून ठेवा. आमच्या ओळखीतल्यांना विमानतळावर थेट विलगीकरणात पाठवलं होतं, नातवाचं बारसं हुकलं.
आणि लेकीला म्हणावं गेदीला ने. आवारातच किपेपेओ हा फुलपाखरांचा प्रकल्प आहे. आजूबाजूच्या गावातले लोक फुलपाखरांचे कोष वाढवतात, ते परदेशी विकले जातात. जंगल तोडण्यापेक्षा राखण्यात पैसा दिसला की लोक राखतात.

सुगरणबाई
धागा वाचला, सुंदर. पण जेवणाचं कुणीच लिहिलं नाही! आम्ही मालिंदीला नारळाच्या रसातलं मासे-भात खाल्लं, थेट आमच्या वेंगुर्ल्याचं वाटलं, फक्त तिरफळं नाहीत.

चौकस_काका
आम्ही माळकरी. आमचं काय?

सुगरणबाई
नारळाच्या दुधातला राजमा मिळतो काका, आणि चपात्या. तेल सढळ असतं, सांगून ठेवा.

रानजाई
किल्व्याला आम्हाला रोज तोच राजमा होता. नवऱ्याने अजून घरात शिजवू दिला नाही.

पोटोबा
कृती टाका ना ताई. नवरोबांना सांगू नका.