डोळा लाल, थेंबांनी उतार नाही. व्हीडीआरएल कशासाठी लिहिली?

प्रश्न (रेणापूर, जि. लातूर)
माझे मिस्टर ट्रकवर आहेत. दिवाळीपासून उजवा डोळा लाल, अंधुक दिसतं, उजेड सहन होत नाही. दारात बसून जेवतानाही डोळ्यावर रुमाल धरतात. गावात 'डोळे आले' म्हणून थेंब दिले. टाकले की बरं, बंद केले की परत तेच. आता लातूरचे डॉक्टर म्हणाले, आतून सूज आहे, युव्हायटिस. चिठ्ठीवर टीबीसोबत व्हीडीआरएल आणि एचआयव्हीची तपासणी लिहिली. तेव्हापासून मिस्टर चिडलेत, चिठ्ठी खिशात तशीच. खरंच काही संबंध असतो का?

उत्तर १
टीबीनंही असंच होतं ताई. सगळ्याच तपासण्या करून घ्या.

उत्तर २ (निवृत्त सिस्टर, परभणी)
संबंध आहे, बाई. व्हीडीआरएल म्हणजे गरमीची, म्हणजे सिफिलिस या लैंगिक संबंधातून लागणाऱ्या रोगाची, रक्ततपासणी. गरमीचे जंतू रक्तातून डोळ्यात जातात. पहिला चट्टा दुखत नाही, आपोआप भरतो. मग काहींच्या तळहातावर तांबूस डाग उठतात, ना खाज ना आग, तेही जातात. माणसाला वाटतं, गेलं. त्यामुळे मिस्टरांना काही आठवतच नसेल, आणि लागण कधीची हे डोळ्यावरून सांगता येत नाही. आत्ता घरात त्यावरून भांडू नका, आधी नजर वाचवा.

नुसत्या स्टेरॉइडच्या थेंबांनी लाली दबते, रोग आत चालूच राहतो. व्हीडीआरएल कधी उगीचही पॉझिटिव्ह येते, म्हणून टीपीएचए ही दुसरी रक्ततपासणी करून खात्री करतात. निघालंच तर डोळ्यासाठी कमरेतलं एक इंजेक्शन पुरत नाही. ॲडमिट करून 10 ते 14 दिवस शिरेतून पेनिसिलिन देतात. पहिल्या दिवशी थंडी वाजून ताप भरू शकतो. सिस्टरला लगेच सांगा, पण औषध बाधलं म्हणून घरी निघून येऊ नका. वॉर्डातून असे उठून गेलेले पेशंट मी पाहिलेत, फार जीव तुटायचा.

सरकारी दवाखान्यात अशा रोगांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं, तिथे हे फुकट होतं, नाव बाहेर जात नाही. 1097 या हेल्पलाइनवरही विचारता येतं. तुमचंही रक्त तपासा.

प्रश्नकर्ती
सिस्टर, मला तिसरा महिना चालू आहे.

उत्तर २
मग उद्याच जा. माता-बाल कार्ड सोबत न्या, त्यावर ही तपासणी झाल्याची नोंद आहे का बघा. झाली असली तरी मिस्टरांचं सांगून परत करायला सांगा. वेळेत पेनिसिलिन मिळालं तर बाळही वाचतं. मिस्टरांना सोबतच न्या, म्हणजे दोघांचं रक्त एकदमच होईल.