लेजेच्या सर्कशीत दुःख शोधायचं का?

लष्करवासी
गेल्या रविवारी आमच्या मंडळात (लष्कर, ग्वाल्हेर) फ्रेंच चित्रकार फर्नां लेजेचं ‘ला ग्रांद पराद’ हे सर्कशीवरचं चित्र पडद्यावर लावून चर्चा झाली. 1954 चं हे चित्र, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात आहे. बहुतेकांचा सूर एकच होता: हसऱ्या मुखवट्यामागचं रडणं. मला हे अजिबात पटलं नाही. सर्कस म्हटली की विदूषकाचे अश्रू आलेच, हे आपण घरूनच ठरवून येतो आणि मग चित्र बघायचं राहून जातं.

समोर काय आहे? जाड काळ्या रेषेतले कसरतपटू, विदूषक, नर्तकी, घोडा. आणि त्या सगळ्यांवरून बेधडक जाणारे लाल, निळे, केशरी पट्टे. एकाच अंगाचा थोडा भाग रंगात बुडालेला, बाकीचा कोरा. आधीच्या आवृत्तीत लेजेनं रंग आकारांच्या मापात बसवला होता. अंतिम आवृत्तीत तो मोकळा सोडला. हा निर्णय हेच या चित्राचं मर्म आहे. रेषा म्हणजे बंदिश, गाण्याची बांधीव रचना, आणि रंग म्हणजे तिच्यावरचा विस्तार, असं मी बघतो. रेषेत वर्षांची तालीम आहे, रंगात खेळाचा जल्लोष. यात रडगाणं कुठून आणायचं?

मुरारची_ताई
काका, तुम्ही रंग बघितलात, माणसं कशासाठी उभी आहेत ते राहिलं. फ्रान्समध्ये खेळ सुरू होण्याआधी कलाकार तंबूबाहेर फळीवर येऊन फुकट झलक दाखवायचे, लोकांनी तिकीट काढावं म्हणून. त्यालाच ‘पराद’ म्हणतात. म्हणजे लेजे खेळ काढतच नाहीये, खेळाची जाहिरात काढतोय, आणि जाहिरातीचं सामान म्हणजे जिवंत शरीरं. चेहऱ्यांवर भाव नाहीत ते म्हणूनच. 1945 मध्ये कम्युनिस्ट पक्षात गेलेल्या चित्रकाराला यातली मजुरी दिसली नसेल? आपल्याकडे तर सर्कशीत मुलांना राबवणं थांबवायला 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाला आदेश द्यावा लागला. कनातीमागे काय चालतं ते माहीत असताना नुसता जल्लोष बघणं मला जमत नाही.

वाचनमात्र
चर्चेत कोणीतरी या चित्राला अमूर्त, म्हणजे ओळखीचे आकार नसलेलं, म्हणालं. घोडा घोड्यासारखा दिसतोय, मग याला अमूर्त का म्हणायचं? माझ्या मते अमूर्त आहे तो फक्त रंग.

रियाज_चालू
बंदिशीची उपमा इथे लागू पडत नाही. ग्वाल्हेर गायकीत स्थायी-अंतरा, म्हणजे बंदिशीचे दोन्ही भाग, नीट भरून मग विस्तार होतो, आणि तो बंदिशीचं बोट धरूनच चालतो. लेजेचा रंग तर बोट सोडून पळतोय. ते चित्राचं बलस्थान असेल, पण आपल्या गायकीचं तत्त्व त्याच्या उलट आहे.

मात्र कीव करणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. 1880 मध्ये मुंबईत सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रे या गावात घडले. बाबासाहेब आपट्यांकडे अश्वविद्या आणि हद्दू खाँकडे गाणं, दोन्ही इथलंच. पुढे हद्दू खाँचे चिरंजीव, गवई रहिमत खाँ छत्र्यांच्या सर्कशीबरोबर गावोगाव फिरले. ख्याल आणि झुला एका बिऱ्हाडात नांदले आहेत. गवयाच्या रियाजाला आपण साधना म्हणतो आणि कसरतपटूच्या रियाजाला बिचारेपणा. हा दुजाभाव मला सलतो.

लष्करवासी
उपमा राहू द्या. रंगाचा उगम बघा. युद्धकाळात लेजे न्यूयॉर्कला होता. ब्रॉडवेवर जाहिरातींच्या दिव्यांखाली समोरचा माणूस क्षणात निळा, क्षणात लाल व्हायचा, ते त्याच्या डोक्यात बसलं. आपल्या मेल्यात रंगीत दिव्यांच्या मोठ्या झुल्याखाली उभे राहा, हेच दिसेल. अंगावरचा रंग पळतो, माणूस आपल्या जागी असतो.

आणि ताई, दुःखच हवं तर पिकासोचं 1905 चं ‘सालतँबाँक कुटुंब’, म्हणजे फिरत्या कसरतपटूंचं कुटुंब, बघा. ओसाड माळ, ना तंबू ना प्रेक्षक, कोणी कोणाकडे बघत नाही. लेजेनं नेमकं उलट केलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या वर्दँच्या आघाडीवर विषारी वायूचा मारा त्यानं सोसला होता. माणसांच्या चिंधड्या बघितलेल्या या माणसानं पुढे सगळी शरीरं लोखंडी नळासारखी भक्कम काढली. या माणसांना कोणाची दया नकोय. मेहनत मला मान्य आहे, दीनवाणेपणा नाही.

मुरारची_ताई
दीनवाणी मी म्हटलंच नाही. राबणारी म्हटलं, आणि राबणारा माणूस भक्कमच असतो! झुल्याखाली तुम्ही गिऱ्हाईक म्हणून उभे राहता. दोन घटका रंग अंगावर घेता आणि घरी येता. फळीवरच्या माणसाला तो रोज, प्रत्येक खेळाला घ्यावा लागतो. पट्टे त्याला न विचारता त्याच्या अंगावरून जातात, हे तुमच्याच वर्णनात आहे. तुम्ही त्याला रंगाचं स्वातंत्र्य म्हणता. मग शरीराच्या वाट्याला काय आलं, ते सांगा.

रियाज_चालू
शरीराच्या वाट्याला रेषा आली. रंगाचा पट्टा कितीही रुंद असो, त्याखाली एकही रेषा पुसलेली नाही. पडद्यावर हे कळणं कठीण, कारण मूळ चित्र 3 मीटर उंच आणि 4 मीटर रुंद आहे. या रविवारी प्रोजेक्टर मागे सरकवून अख्खी भिंत भरू या आणि शेजारी पिकासो लावू. ताईंनी त्या भिंतीसमोर उभं राहून मजुरी दाखवावी, काकांनी जल्लोष.