वारसांची सही मिळाली की गेलेल्या गायकाकडून नवं गाणं गाऊन घ्यायला मोकळे?

कानसेन
एआयने गेलेल्या गायकाचा आवाज परत आणल्याची बातमी आली की खाली एक वाक्य ठरलेलं असतं, 'कुटुंबीयांची रीतसर परवानगी घेतली आहे'. ते वाचलं की सगळे गप्प. माझं भांडण नेमकं त्या वाक्याशी आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जानेवारी २०२४ मध्ये ए. आर. रहमानने 'लाल सलाम' या तमिळ सिनेमातल्या गाण्यात बंबा बाक्या आणि शाहुल हमीद यांचे आवाज एआयने वापरले. बाक्या २०२२ ला गेले, हमीद १९९७ ला. टीका झाली तेव्हा रहमानने सांगितलं की दोघांच्या घरच्यांना विचारलंय, मानधनही दिलंय. साधारण त्याच सुमारास 'कीडा कोला' नावाच्या तेलुगू सिनेमावाल्यांनी एसपी बालसुब्रमण्यम यांचा आवाज न विचारता वापरला म्हणून त्यांच्या मुलाने नोटीस पाठवली. लोकांनी लगेच निकाल लावला, रहमान शहाणा आणि ते चोर. फरक आहेच, नाही कोण म्हणतंय. पण हमीद गेले तेव्हा असलं काही निघेल हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं, त्यांनी हो म्हटलं असतं की चाल ऐकून 'हे माझ्याच्याने नाही व्हायचं' म्हणून घरी गेले असते हे कुणी कसं सांगणार? बापाची रॉयल्टी पोराला मिळावी, शंभर टक्के. पण बापाचा गळा पण सातबाऱ्यावर चढवायचा का?

तिरशिंगराव
झालं सुरू. न विचारता केलं तरी बोंब, विचारून पैसे देऊन केलं तरी बोंब. मग करायचं काय, प्लँचेट?
गेलेल्या लेखकाच्या अर्धवट वह्या छापतात तेव्हा कोण विचारतं त्याला? बीटल्सचं 'नाऊ अँड देन' २०२३ ला आलं, त्यातला गायक जॉन लेनन १९८० ला गेलेला, तेही मशीन लर्निंगच्याच जोरावर झालं आणि २०२५ ला त्याला ग्रॅमी पण मिळालं. तेव्हा सगळे डोळे पुसत होते. रहमानने केलं की लगेच नैतिकता आठवते.

खोडसाळ
प्लँचेटवर रेंज मिळत नाही हो.

कानसेन
तिरशिंगराव, लेननचं उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूने दिलंत. ते गाणं त्याने स्वतः कॅसेटवर गाऊन ठेवलं होतं. नव्वदच्या दशकात बाकीच्यांनी ते पुरं करायचा प्रयत्न केला होता, पण आवाज पियानोखाली दबलेला, वर टेपची घरघर, म्हणून सोडून दिलं. पुढे सिनेदिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या टीमच्या सॉफ्टवेअरने आवाज आणि पियानो वेगळे करून दिले, बस. एकही सूर मशीनने गायलेला नाही. ती साफसफाई झाली. इथे जे गाणं माणूस आयुष्यात कधी गायलाच नाही ते त्याच्या नावावर चढतंय. दोन्हीला 'एआय' म्हणतात एवढंच साम्य.

तिरशिंगराव
बरं, मग त्या घरच्यांचं काय? ज्या गायकाला हयातीत धड पैसे मिळाले नाहीत त्याच्या बायकापोरांना आता चार पैसे मिळतायत, वर नवीन पोरं त्याचं नाव शोधून जुनी गाणी ऐकतायत, आणि आपण इथे बसून 'त्यांच्या आत्म्याला काय वाटेल' करतोय. आत्म्याला भाडं भरावं लागत नाही.

वकिलीण
दोघंही परवानगी परवानगी करताय पण कायद्यात तिचं वजन किती हे आधी बघा.

जिवंत माणसाचं ठीक आहे. अरिजित सिंगला जुलै २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने एआय आवाज बनवणाऱ्यांविरुद्ध संरक्षण दिलं, त्याआधी अनिल कपूरला दिल्लीत मिळालं. मेल्यावर मात्र चित्र वेगळं. सुशांतसिंग राजपूतच्या वडिलांनी मुलाच्या आयुष्यावरच्या सिनेमाविरुद्ध दाद मागितली होती, तेव्हा जुलै २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टाने म्हटलं की प्रायव्हसी, पब्लिसिटी (आपलं नाव-चेहरा कुणी वापरायचा हे ठरवण्याचा) वगैरे हक्क त्या माणसाबरोबरच संपतात, वारसांकडे जात नाहीत. प्रकरण सिनेमाचं होतं, एआय आवाजाचं नाही, पण हाच नियम लावला तर रहमानने घरच्यांना विचारलं हा सज्जनपणा झाला, सक्ती नव्हे. उद्या कुणी नाही विचारलं तर वारसांना रेकॉर्डिंगचा कॉपीराइट, परफॉर्मर्स राइट (गायकाचा स्वतःच्या गायनावरचा हक्क) असं आडवाटेने लढावं लागेल, आणि रेकॉर्डिंगचा कॉपीराइट बहुतेकदा कंपनीकडे असतो, घरच्यांकडे नाही.

कॅलिफोर्नियात उलट आहे, तिथे हे हक्क मृत्यूनंतर ७० वर्षं वारसांकडे राहतात आणि २०२४ च्या कायद्याने डिजिटल नक्कलसुद्धा त्यात घेतली. तिथला नट रॉबिन विल्यम्स (२०१४ ला गेला) हुशार निघाला, त्याने आधीच लिहून ठेवलं होतं की मेल्यावर २५ वर्षं माझा चेहरा वापरायचा नाही. म्हणजे २०३९ पर्यंत त्याच्या पोरांनाही हात लावता येत नाही.

त्यामुळे कानसेन, तुमचा प्रश्न 'वारसांची सही पुरेशी का' असा आहे, पण आपल्याकडे ती सही लागतेच की नाही याचीच बोंब आहे.

कानसेन
+१, विल्यम्सचं हेच मला म्हणायचं होतं. ज्याने स्वतः हो म्हणून ठेवलंय त्याचा वापरा, बाकीच्यांना सोडा. जुन्या लोकांना विचारलंच नव्हतं तर उत्तर 'नाही' धरायचं.

डबिंगवाली
मी आवाजाचंच काम करते म्हणून लिहिते, एरवी वाचूनच पुढे जाते.

एक तर हे गाणं मशीन एकटं गात नाही, निदान बऱ्याच वेळा. आधी कुणीतरी जिवंत गायक पूर्ण गाणं गातो. कुठे श्वास घ्यायचा, कुठे शब्द दाबायचा, मुरकी कुठे घ्यायची हे सगळं त्याचं. मग त्या ट्रॅकवर मेलेल्या माणसाच्या आवाजाचा पोत चढवतात. ऐकणारा म्हणतो 'वा, काय भाव आहेत, अगदी तेच', पण भाव या दुसऱ्याचे असतात आणि त्याचं नाव बातमीत औषधालाही नसतं. घरच्यांना मानधन दिलं हे सगळीकडे छापून येतं, खाली कोण गायलं हे कुणी विचारतं का?

दुसरं म्हणजे तुम्ही मेलेल्यांवर भांडताय आणि इकडे जिवंतांच्या सह्या होऊन गेल्यात. एका कंपनीसाठी कोर्सचे धडे रेकॉर्ड केले, करारात एक ओळ होती, आवाज 'कायमस्वरूपी, जगभर, आज असलेल्या व पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांत' वापरायचा हक्क त्यांचा. तेव्हा वाटलं सीडी असेल, ॲप असेल. आता त्याच कोर्समध्ये नवीन धडे आलेत, आवाज माझा आहे, मी ते बोललेलेच नाहीत. 'पुढे निघणारी माध्यमं' म्हणे यात बसतात. हॉलिवूडच्या नटांनी २०२३ मध्ये ११८ दिवस संप केला तेव्हा कुठे डिजिटल नकलेसाठी वेगळी संमती करारात आली. आमच्यासारख्या सुट्ट्या माणसांनी कुठे बसायचं संपाला?

खोडसाळ
इथे आता विनोद करवत नाही.

तिरशिंगराव
डबिंगवालीताई, तुमचं पटलं, पण तो करार वाईट आहे, तंत्र नाही. करारात वेगळी संमती, वेगळे पैसे टाका, झालं. कानसेन म्हणतायत ते वेगळंय, त्यांना सगळंच बंद करायचंय.

नुसताच वाचक
गाण्यापुरतं असतं तर मी पण तिरशिंगरावांबरोबर असतो. पण तमिळनाडूचे माजी मुख्यमंत्री, द्रमुकचे करुणानिधी विसरलात का? २०१८ मध्ये गेले आणि जानेवारी २०२४ मध्ये एका पुस्तकाच्या कार्यक्रमात मोठ्या पडद्यावर येऊन, तोच काळा गॉगल, तीच पिवळी शाल, भाषण करून गेले. मुलाच्या कारभाराचं कौतुक पण केलं वर. पुढच्या महिन्यात विरोधी अण्णा द्रमुकने त्यांच्या दिवंगत नेत्या जयललितांच्या आवाजातला संदेश काढला. दोन्ही त्यांच्याच पक्षाच्या लोकांनी केलं, म्हणजे तुमच्या भाषेत वारसच की. निवडणूक तोंडावर आणि गेलेला नेता सांगतोय माझ्या माणसाच्या मागे उभे राहा. यात घरच्यांची परवानगी असणं हाच तर प्रॉब्लेम आहे, कारण फायदा पण घरच्यांचाच.

तिरशिंगराव
हो पण तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की ते गेलेत. फसवणूक कुठे झाली? फसवणूक म्हणजे अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये झाली ती, बायडेनच्या आवाजात मतदारांना फोन गेले की प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) मत देऊ नका. तो जिवंत माणूस होता, लोकांना खरं वाटू शकलं असतं, आणि तिथल्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने ते फोन करवणाऱ्या राजकीय सल्लागाराला ६० लाख डॉलरचा दंडही ठोकला. ठळक लेबल लावा, पडद्यावर कोपऱ्यात नाही, मोठं. मग करुणानिधी नाचवा नाहीतर गाववा.

कानसेन
लेबलने फसवणूक थांबते, दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालणं थांबत नाही. करुणानिधींचं अख्खं राजकारण शब्दांवर उभं होतं, सिनेमाचे संवाद लिहिता लिहिता नेते झालेला माणूस. त्याचं भाषण आता पक्षाचा कुणी कार्यकर्ता लिहितोय. आणि लेबल एकदा वाचतात, क्लिप पुढे पाठवताना कापून टाकतात.

वकिलीण
तिरशिंगराव, लेबल गाण्यात कुठे लावणार? गाणं रिक्षात वाजतं. ते तेवढं सांगा मग पुढे बोलू.

तिरशिंगराव
श्रेयनामावलीत. आणि खाली गाणाऱ्याचं नाव पण, डबिंगवालीताईंसाठी. बाकी मी माझ्या मतावर ठाम आहे, घरच्यांना चालत असेल तर आपण कोण.

डबिंगवाली
मी तरी घरी सांगून ठेवलंय की चालणार नाही म्हणून. वकिलीणबाई, ते मृत्युपत्रात लिहिलं तर कोर्टात टिकतं का हो आपल्याकडे?

वकिलीण
हक्कच मेल्यावर संपत असेल तर मृत्युपत्रात देणार काय, हाच घोळ आहे. तरी लिहा. आणि त्याआधी पुढच्या करारातली ती 'पुढे निघणाऱ्या' वाली ओळ खोडून मग सही करा, त्याचा उपयोग जास्त.