कापसाच्या बियाण्याचा भाव उतरवला, संशोधनाचं काय केलं?

वर्धा रोड (धागा यांनी सुरू केला)

नागपुरातलं विज्ञान बहुतेक सरकारी निर्णयांनीच वसवलेलं आहे. नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची संशोधन संस्था १९५८ ची. पांजरीची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अमरावती रोडवरचं मृद सर्वेक्षणाचं ब्युरो, दोन्ही १९७६ ची. लिंबूवर्गीय फळांचं केंद्र १९८५ चं. एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, तेवढी वेगळी: कामठीच्या रावबहादुर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशातून ती १९४२ साली उभी राहिली. तेव्हा सरकारनं संशोधनात पडावं की नाही हा वाद आपल्या शहरात घालण्यात अर्थ नाही, सरकार कधीचंच पडलेलं आहे. मला त्याच्या पुढचं बोलायचं आहे.

आधी माझी बाजू सांगून ठेवतो. मी अकरा वर्षं एका बियाणे कंपनीत कापसाचे चाचणी प्लॉट सांभाळले. आता तिथे नाही. वडिलांची वरोऱ्याकडे कोरडवाहू शेती, तीही कापसाचीच.

मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी मिळाली. सुरुवातीला ४५० ग्रॅमच्या पाकिटाला १,६०० रुपयांच्या आसपास मोजावे लागत. २००६ मध्ये राज्यांनी भाव ७५० वर आणला. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रानं कापूस बियाणे किंमत नियंत्रण आदेश काढला आणि २०१६ च्या हंगामात जनुकाच्या मालक कंपनीला द्यायची रॉयल्टी पाकिटामागे ४९ रुपये ठरवून दिली. २०२० मध्ये ती शून्य झाली. २०१६ मध्येच महिको या बियाणे कंपनीनं तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या बीटी कापसाचा अर्ज मागे घेतला. त्यानंतर शेतकऱ्याच्या हातात रीतसर नव्या जनुकाचं बियाणं आलेलं नाही.

भाव उतरवला ते चूक होतं असं मी म्हणत नाही. वडिलांचे पैसे वाचले, ते मी डोळ्यांनी पाहिलं. पण खाजगी संशोधनाला मिळणारा पैसा कायद्यानं कमी केलात, तर तेवढा सरकारी संशोधनात घालायला नको होता का? एक दार बंद करताना दुसरं सताड उघडावं लागतं. आपण दोन्ही अर्धवट लोटून ठेवली. देश संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के खर्च करतो, त्यात कापसाच्या वाट्याला काय येणार?

माझी सूचना साधी आहे. बियाण्याच्या पाकिटामागे दहा रुपये संशोधन निधी घ्या आणि सरकारनं त्यात तेवढेच घालावेत. ऑस्ट्रेलियात कापूस उत्पादक गाठीमागे ठरावीक रक्कम देतात आणि सरकार त्यात आपली भर घालतं. तिथला जवळजवळ सगळा कापूस सीएसआयआरओ या सरकारी संस्थेनं पैदास केलेल्या वाणांचा आहे. परदेशाचं सोडा, आपल्या ऊसवाल्यांनी पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट कारखान्यांच्या वर्गणीतूनच चालवली ना? कापूसवाल्यांना ते का जमू नये?

अजनीकर

दादा, तुमची कळकळ कळते, पण सुरुवातच उलटीकडून झाली. खाजगी संशोधन बंद पडलं म्हणून हळहळताना त्या संशोधनानं काय दिलं तेही मोजा. जनुक घातलं ते संकरित वाणात, कारण संकरित बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं. बाकीचं बहुतेक जग सरळ वाण, म्हणजे ज्याचं बी घरचं राखता येतं असे वाण, लावतं, झाडं दाट ठेवतं आणि पीक लवकर काढून मोकळं होतं. आपली पऱ्हाटी मात्र सहा-सात महिने उभी, वर फरदड, म्हणजे शेवटच्या वेचणीनंतरही तेच पीक राखणं. गुलाबी बोंडअळीला याहून चांगलं घर कुठे मिळणार? २०१० पर्यंत गुजरातेत एका जनुकाच्या पहिल्या बीटीला ती दाद देईना आणि २०१७ मध्ये आपल्याकडे दोन जनुकांच्या दुसऱ्या बीटीच्या शेतातही बोंडं पोखरून निघाली. अशा तंत्रज्ञानाची रॉयल्टी चालू ठेवायला हवी होती असं तुमचं म्हणणं आहे का?

खरी चूक आणखी मागची आहे. संकरित की सरळ हा निर्णय देशानं घ्यायचा होता, तो बाजारावर सोडला. कोणत्या प्रश्नावर संशोधन करायचं हे ठरवणं सरकारचंच काम आहे. नीरीनं सत्तरच्या दशकात नालगोंडा पद्धत काढली: पाण्यातलं फ्लोराइड तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडरनं काढायचं. यवतमाळ-चंद्रपूरच्या ज्या गावांत फ्लोराइडनं दात पिवळे पडतात, हाडं वाकतात, त्या गावांसाठी कुठली कंपनी हे करत बसली असती? तुरटीत नफा नाही.

आणि पाकिटामागचे दहा रुपये शेवटी कोण देणार? ऊस बागायती आहे, कारखान्याला बांधलेला आहे, पैसा बिलातून कापता येतो. कोरडवाहू कापूसवाल्याची तुलना त्याच्याशी करू नका.

वर्धा रोड

रॉयल्टी चालू ठेवा असं मी कुठेच लिहिलेलं नाही. सरळ वाणाचं म्हणाल तर सरकारी संस्थेनं तेही करून पाहिलं. धारवाडच्या कृषी विद्यापीठाबरोबर आपल्या कापूस संस्थेनं बिकानेरी नरमा बीटी काढला, २००९ मध्ये तो शेतकऱ्यांना मिळाला. सरळ वाण, बी घरचं राखता येत होतं, पाकिटाचा प्रश्नच नव्हता. मग त्यात मोन्सँटो या अमेरिकी कंपनीचं जनुक सापडलं, विक्री थांबली, चौकशी समिती बसली. अपयश कोणालाही येतं. पण त्या धक्क्यानंतर दुप्पट पैसा आणि माणसं लावून तेच काम पुन्हा उभं करायला हवं होतं. इतक्या वर्षांत तसं झालं नाही, माझं दुखणं ते आहे.

सूक्ष्मदर्शी

तुम्ही दोघं निधी आणि विषय यांवर बोलताय. मी नागपुरातल्याच एका संस्थेत पीएचडी करते आणि माझ्या टेबलावर धोरण पोचतं ते खरेदीच्या फाइलीतून.

जुलै २०२२ मध्ये सरकारी संशोधन संस्थांच्या उपकरणांवरची पाच टक्के जीएसटीची सवलत काढली आणि कर १८ टक्के झाला. सरकारनंच दिलेल्या अनुदानातला तेवढा भाग सरकारकडेच परत गेला, आणि मंजूर रकमेत मात्र एक रुपया वाढला नाही. आमच्या प्रकल्पातून एक छोटं सेंट्रिफ्यूज त्यामुळेच वगळावं लागलं. मग जेमचं, म्हणजे सरकारी खरेदीचं पोर्टल. मला हवं असलेलं एन्झाइम जगात दोनच ठिकाणी बनतं, पण ते पोर्टलवर नाही असा दाखला आधी काढायचा, मग समिती, मग निविदा. माल आला तो मे महिन्यात, शनिवारी दुपारी. स्टोअर बंद. सोमवारी पेटी उघडली तेव्हा बर्फाचं पाणी झालेलं होतं. नागपूरच्या मे महिन्यात आणखी काय होणार? फेलोशिप त्याच वर्षी सात महिने थकली. खोलीचं भाडं मोठ्या बहिणीनं भरलं.

२०२३ मध्ये जेआरएफ, म्हणजे पीएचडीवाल्यांची महिन्याची फेलोशिप, ३१ हजारांवरून ३७ हजार झाली, ते चांगलं झालं. जून २०२५ मध्ये संस्थेच्या संचालकांना जेमबाहेर उपकरणं घेण्याची मुभा मिळाली, तेही चांगलंच. पण तोपर्यंत माझ्याबरोबरच्या दोघी सोडून गेल्या होत्या. दहा रुपयांचा निधी जमा करालही, दादा. तो याच खरेदीच्या वाटेनं जाणार असेल तर बियाणं पेरणीच्या हंगामानंतर पोचेल.

हिंगणा एमआयडीसी

ताईंनी लिहिलंय त्यातच उत्तर आहे. सरकारनं स्वतः संशोधन करायचंच कशाला? करात सवलत द्या आणि उद्योगांना करू द्या. आयकराच्या कलम ३५(२एबी) खाली संशोधनाच्या खर्चावर दोनशे टक्के वजावट मिळत होती. तिच्या भरवशावर मी कारखान्यात एक छोटी प्रयोगशाळा सुरू केली, दोन केमिकल इंजिनिअर ठेवले, दोघंही एलआयटीचे. २०१७ मध्ये वजावट दीडशेवर आली, २०२० मध्ये शंभरवर. एक जण पुण्याला गेला, दुसरा आता उत्पादन विभागात आहे. आणि आता सरकारनंच काढलेलं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान म्हणतं की पाच वर्षांच्या ५० हजार कोटींपैकी ३६ हजार कोटी सरकारबाहेरून, मुख्यतः उद्योगांकडून यावेत. सवलत काढून घेतलीत, मग वर्गणी कुठल्या तोंडानं मागता?

अजनीकर

तुमच्या दोन इंजिनिअरांचं वाईट वाटलं, मनापासून. पण दोनशे टक्के वजावट अनेक वर्षं होती, तेव्हाही देशाच्या संशोधन खर्चातला खाजगी वाटा चाळीस टक्क्यांच्या वर गेला नाही. चीन-कोरियात तो सत्तरच्या पुढे आहे. नुसत्या सवलतीनं ते होत असतं तर आपल्याकडेही झालं असतं.

हिंगणा एमआयडीसी

मोठ्या कंपन्यांचं तुम्ही म्हणता ते खरं असेल. लहान कारखानदाराला दर तीन वर्षांनी बदलणारं धोरण परवडत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. प्रयोगशाळा उभी करायलाच तीन वर्षं लागतात.

अकोटवाला

सगळ्यायचं वाचलं. आता माझं आयका.

जून २०१९ मध्ये आमच्या तालुक्यात अकोली जहांगीरले शेतकरी संघटनेनं उघड उघड एचटीबीटी लावला, म्हंजे तणनाशक सहन करनारा, परवानगी नसलेला बीटी. तवा पाच वर्षं जेल होऊ शकत होती हे माहीत असून लावला. त्या आधीपासून आमच्याकडं चोर बीटी होताच, अन् आजही हाय. बिल नाही, खात्री नाही, उगवलं तर आपलं नशीब. तरी लोक घेतात. काऊन? निंदणाले बाई भेटत नाही. भेटली तर मजुरी कापसाच्या भावात बसत नाही. महिकोचा अर्ज मागं गेला तवा दिल्लीत फाइल बंद झाली असंन, आमच्या वावरातलं तण बंद झालं नाही.

दहा रुपयाचं म्हनता त भाऊ, मी देनार नाही. २०२५ च्या बजेटात कापूस उत्पादकता अभियान आलं, अन् त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं, ऐन आमचा कापूस निघायच्या आधी. एक धोरण म्हनते जास्त पिकवा, दुसरं म्हनते तुमचा नको. पयले हे दोन सरकारी विभाग एकमेकाले भेटू द्या.

वर्धा रोड

भाऊ, दहा रुपयांवर मी मागे येतो. शेतकऱ्याकडून घ्यायचे हे चुकलं. बियाणे कंपन्यांच्या विक्रीवर घ्या आणि पाकिटाचा कमाल भाव आहे तिथेच ठेवा, म्हणजे बोजा खाली सरकणार नाही. कंपनीत असतो तर मी याला विरोध केला असता. आज करत नाही, कारण शेतकऱ्यानं गेल्या पंधरा वर्षांत नवं काही मिळत नसतानाही पाकिटं घेतलीच आहेत. सूक्ष्मदर्शी ताई, तुमचंही मान्य. हा निधी सरकारी खरेदीच्या नियमांबाहेर, शेतकरी आणि शास्त्रज्ञ यांच्या मंडळाकडे असावा. मांजरीला ऊसवाल्यांनी स्वतःचं नियामक मंडळ ठेवलं, त्यातून एवढं तरी घेता येईल.

एक विचारायचं होतं. दाट लागवडीची प्रात्यक्षिकं गेल्या काही वर्षांत झाली आहेत, ९० बाय १५ सेंटिमीटरवर. तुमच्याकडे कोणी सरळ वाणाची केली का? अजनीकर म्हणतात तसं पीक लवकर निघतं, फरदडीचा मोह राहत नाही, अळीला घर मिळत नाही. कागदावर तरी मला हाच पुढचा रस्ता दिसतो.

अकोटवाला

मी सोता केली, एक एकर, दोन वर्षांआधी. बोंडं चांगली लागली, खोटं काऊन बोलू? पन चौफुली, म्हंजे दोन्हीकडून सारख्या अंतरावर, लावली की बैलाचा डवरा उभा चालते अन् आडवाही चालते, दोन्हीकडून तण निंगते. पंधरा सेंटिमीटरवर झाड असलं की आडवा डवरा बंद. ओळीतलं तण हातानंच काढा लागते. तीन निंदणं झाली माह्याकडं, संकरितमध्ये एक होते. दुसऱ्या वर्षी सोडून देल्लं.

साहेब प्लॉट पाहाले आले होते. झाडाची उंची मोजली, बोंडं मोजली, फोटो काढला. निंदणाले किती बाया लागल्या ते त्यायच्या कागदात कुठंच नव्हतं.

सूक्ष्मदर्शी

काका, बायांचा तो हिशोब तुमच्याकडे लिहिलेला आहे का? दिवस, मजुरी, किती जणी? असेल तर इथे टाका. आमच्या संस्थेत पुढच्या महिन्यात विषय निवडीची बैठक आहे. मला बोलायला दहा मिनिटं मिळतात, त्यात हा कागद मी मांडते.

अकोटवाला

वहीत हाय. उद्या पोरीकडून फोटो काढून टाकतो.